बिब्ब्याचा डाग

यंदा अंक छपाईला जायच्या आठवडाभर आधी एक जाहिरात आली. रंगीत पूर्ण पान, पैसे रोख. मजकूर असा: आपल्याच जंगलातल्या बिब्ब्याचं औषध, उंदरांवर सिद्ध, केमोपेक्षा सरस, साइड इफेक्ट शून्य. आम्ही ती परत केली. चंद्रपुरातून दिवाळी अंक काढणाऱ्याला रंगीत पान सोडणं किती जड जातं, ते आमच्या कागदवाल्याला विचारा. तरी परत का केली ते सांगायला हवं, कारण त्या जाहिरातीतलं सगळंच काही खोटं नव्हतं.

बिब्ब्यावर उंदरांत खरंच काम झालंय. मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस ॲफ्लाटॉक्सिन, म्हणजे शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, देऊन पांढऱ्या उंदरांच्या यकृतात कॅन्सर घडवला. मग बिब्ब्याचा दुधातला अर्क पाजला आणि रोगाच्या खुणा ओसरल्याची नोंद केली. इथवर ठीक. पण तो कॅन्सर ठरल्या दिवशी, ठरल्या विषाने केलेला. उंदीर एका वयाचे, एका खाद्यावर वाढलेले. शिवाय उंदराचा किलोमागचा डोस माणसाच्या वजनाला सरळ गुणून चालत नाही. किलोमागे तो जवळपास सहापट कमी धरावा लागतो, आणि तोही नुसती सुरुवात म्हणून.

‘साइड इफेक्ट शून्य’ वाचून तर आम्ही मोठ्याने हसलो. बिबा अंगावर उतलेला माणूस ज्याने पाहिलाय, त्याला हे कोण पटवणार? तोंड सुजून डोळे मिटलेले, हातापायावर पाण्याचे फोड, खाजेने रात्रभर झोप नाही. फळ फोडताना उडालेल्या तेलाचा डाग कातडी सोलली तरच जातो. त्याच फळातली गोडंबी मात्र आपण लाडवात घालतो. एका इवल्याशा फळात विष आणि खाऊ शेजारी शेजारी. मधे फक्त टरफल.

आणि ‘केमोपेक्षा’ म्हणजे कशापेक्षा? आमच्या कार्यालयाच्या भिंतीला लागून सदाफुली आहे. १९५८च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर तिची जमैकाहून आलेली पानं मधुमेहासाठी तपासत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन निघालं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. पोरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर दिली जाणारी केमो ती हीच. आमचे एक पशुवैद्यक मित्र रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावरच्या गाठींना हेच औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, आणि बहुतेक कुत्री काही आठवड्यांत बरी होतात. देताना मात्र त्यांचा श्वास रोखलेला असतो. सुई शिरेतून जराशी सरकली तर आजूबाजूचं मांस सडतं. फुलाचंच औषध आहे हे.

झाडातून आलेलं आणखी एक औषध बघा. रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आपल्याच राज्यातल्या नंदुरबारचे. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत १९६६मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात पुढे तेच सापडलं आणि नरक्यावर कुऱ्हाड चालली, तो वेगळा विषय. उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर कॅम्प्टोथेसिन छान चाललं. त्याचा पाण्यात विरघळणारा क्षार माणसांना दिला, तर लघवीतून रक्त जायला लागलं. चाचण्या थांबल्या. रेणूत फेरफार करून वापरता येण्याजोगी औषधं अमेरिकेच्या बाजारात यायला १९९६ उजाडलं. तीस वर्षं! वाणी-वॉल यांचंच १९७१चं टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध मंजूर झालं १९९२ला. जाहिरातवाल्याला ही मधली वर्षं नको आहेत. त्याला उंदरावरून थेट गडचिरोलीतल्या भामरागडला उडी मारायची आहे.

भामरागडातून नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयापर्यंत साडेतीनशे किलोमीटरच्या घरात अंतर. आपल्याकडे कॅन्सर पुष्कळदा तोंडात होतो, आणि तोही झाडपाल्याचाच. पानठेल्यावर जाड प्लास्टिकवर सुपारी, तंबाखू, चुना घासघासून घोटलेला खर्रा बघा, त्यात कारखान्यातलं असं काय आहे? सुपारी कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने केव्हाच जाहीर केलंय. गालातला पांढरा चट्टा डाळीएवढा असतो तेव्हा माणूस पुजाऱ्याकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे जातो. यात पुजाऱ्याचा दोष आम्ही मानत नाही. तो जवळ आहे, गोंडी-माडिया बोलतो, आणि पैशासाठी अडून बसत नाही. दोष मधल्या दुकानदाराचा. तो चकचकीत बाटली देतो, तीन महिने खातो, आणि नागपूरची गाडी धरायची तेव्हा तोंड उघडत नसतं.

आमच्या जंगलात औषध नाही असं आम्ही म्हणत नाही. असेल, बिब्ब्यातही असेल. ते शोधायला उंदीर लागतील, वर्षं लागतील, आणि ज्या गावांनी ते झाड राखलं त्यांचा वाटा आधीच कागदावर लिहावा लागेल.

जाहिरातीच्या त्या पानावर यंदा वडशाच्या एका नाटक कंपनीचा फोटो आहे. मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, तारखा खाली छापल्या आहेत. पैसे हप्त्याने येणार आहेत.