चार चिठ्ठ्या, एक बाई

आधुनिक वैद्यकाने बाईचे तुकडे करून वाटून घेतले आहेत. गर्भाशय एका डॉक्टरकडे, थायरॉईड दुसऱ्याकडे, फुफ्फुस तिसऱ्याकडे आणि ‘झोप लागत नाही, जीव घाबरा होतो’ म्हटले की चौथ्याकडे. प्रत्येकजण आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्यापुरती चिठ्ठी लिहितो. दुसऱ्याने काय लिहिले हे विचारायला कोणालाच वेळ नसतो. या चारही चिठ्ठ्या एकत्र येण्याची शक्यता असते ती एकाच जागी, मेडिकलच्या काउंटरवर. म्हणूनच त्या काउंटरमागे उभे राहणाऱ्याला कॉलेजात काय शिकवतात, हा फक्त फार्मसी कॉलेजांचा अंतर्गत मामला नाही. तो आपला, बायकांचा प्रश्न आहे.

मी बाळकुममध्ये काम करते. एका बाजूला आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण, दुसऱ्या बाजूला ढोकाळी-कोलशेतपर्यंत उभे राहिलेले टॉवर आणि त्या टॉवरमध्ये भांडी-लादी करायला जाणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी कळव्याचे महापालिकेचे रुग्णालय म्हणजे खाडीपलीकडे जाणे, रांग लावणे आणि अख्खा दिवस बुडवणे. खाजगी डॉक्टर म्हणजे फी. म्हणून बाई आधी अंगावर काढते आणि फारच झाले की नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाते. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी दवाखान्यांची दारे बंद होती, तेव्हाही मेडिकल उघडे होते. तिच्या दृष्टीने औषधवाला हाच पहिला डॉक्टर आणि पुष्कळदा शेवटचाही.

कायदा याबद्दल काय म्हणतो? १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. चिठ्ठी तपासणे आणि रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. कागदावर हे छानच आहे. पण जो माणूस आजारी बाईजवळ कधी उभा राहिलेला नाही, तो तिला काय समजावणार?

आपल्याकडचे फार्मसीचे शिक्षण मुळात गोळी बनवणाऱ्यासाठी आखले गेले, गोळी घेणारीसाठी नाही. दुकानात बहुधा दिसतात ते दोन वर्षांची पदविका केलेले. २०२० च्या नव्या शिक्षण नियमांनी त्यांच्या दुसऱ्या वर्षाला औषधोपचार हा विषय दिला. हे स्वागतार्हच आहे. पण या ७५ तासांत हृदय, श्वसन, मधुमेह, मेंदू, त्वचा, डोळे, मनोविकार असे सगळे बसवायचे. त्यातच ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा एक धडा आहे. त्यात काय आहे? पीसीओएस, पाळीतल्या वेदना आणि पाळीपूर्वीचा त्रास. बाई म्हणजे पाळी आणि पाळी संपली की बाई संपली! गरोदरपण, गर्भपात, पाळी जाण्याचे वय, मार खाऊन आलेल्या बाईची ‘डोकेदुखीची गोळी’, यातले काहीही त्या शीर्षकाखाली नाही.

फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ च्या नियमांनी आला. तो खास रुग्णालयातल्या शिक्षणासाठीच आहे. त्यात शेवटचे वर्ष पूर्ण वॉर्डात: सहा महिने जनरल मेडिसिन आणि दोन-दोन महिने इतर तीन विभागांत. पण त्या तिनांत स्त्रीरोग आणि प्रसूती विभाग असलाच पाहिजे, असे बंधन नाही. म्हणजे प्रसूतीच्या वॉर्डात पाय न ठेवताही रुग्णोपचाराचा तज्ज्ञ होता येते!

‘असे काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांसाठी काही साधी उदाहरणे देते. गरोदर बाईला रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात आणि कॅल्शियमच्याही. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी कमी लागते. त्यात थायरॉईडची गोळी असेल तर या दोन्हींपासून तिचे अंतर चार तासांचे हवे. तिन्ही गोळ्या एकाच पिशवीत, ‘सकाळी एक-एक’ म्हणून हातात पडतात. दुसरे उदाहरण फिटच्या आजाराचे. त्यावर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट गरोदरपणात घेतले तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येते. पण घाबरून ते अचानक बंद केले तर बाईच्या जिवाला धोका. म्हणजे दिवस जाण्याआधीच कोणीतरी बोलायला हवे. मेंदूचा डॉक्टर पाळणा कधी लांबवणार विचारत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञ फिटची गोळी कोणती हे विचारतेच असे नाही. उरतो तो दर महिन्याला पट्टी देणारा.

आमच्या गटातल्या एका बाईचे उदाहरण याहून जवळचे आहे. तिला क्षयरोगाचे उपचार सुरू झाले. गर्भनिरोधक गोळ्या ती आधीपासून दुकानातून घेत होती. क्षयाच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनमुळे या गोळ्यांचा असर कमी होतो, त्या काळात दुसरे साधन वापरावे लागते. औषध देणाऱ्यांपैकी कोणीही तिला हे सांगितले नाही. ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढा एकच प्रश्न कोणी विचारला नाही. तिला दिवस गेले. घरात बोलणी कोणी खाल्ली? तिनेच. ‘गोळी विसरली असशील!’

इथे डॉक्टर मंडळी म्हणतील, ‘अर्धवट शिकवाल तर औषधवाले स्वतःला डॉक्टर समजू लागतील.’ औषधवाला आजही सल्ला देतोच आहे. प्रश्न तो सल्ला देईल की नाही हा नाही, कशाच्या जोरावर देईल हा आहे. कॉलेज शिकवत नसेल तर त्याला शिकवतो कोण? कंपनीचा एम.आर. आणि ‘दहावर एक फुकट’ची स्कीम! शिवाय निदान करायला शिकवा असे आम्ही म्हणत नाही. धोका ओळखायला, थांबवायला, डॉक्टरला फोन करायला आणि योग्य जागी पाठवायला शिकवा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात फार्मासिस्ट १९६६ मध्येच वॉर्डात गेले. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांचे काही घटले नाही.

गर्भपाताच्या बाबतीत तर अज्ञानाचे रूपांतर थेट अन्यायात होते. २०१२ च्या सुमारास लिंगनिवडीविरुद्धच्या मोहिमेत महाराष्ट्रात औषध दुकानांवर तपासण्यांचा धडाका सुरू झाला आणि अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडले. त्या गोळ्यांचा वापर नऊ आठवड्यांपर्यंतचा. सोनोग्राफीत लिंग साधारण बाराव्या आठवड्यानंतर कळते. हा हिशेब वर्गात शिकवला असता तर डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईकडे गुन्हेगार म्हणून पाहिले गेले नसते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गर्भनिरोधक गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ती गर्भपात करत नाही. तरीही ती मागणाऱ्या मुलीला काउंटरवर ‘लग्न झालंय का?’ असे विचारले जाते. हा प्रश्न कुठल्या अभ्यासक्रमात आहे?

आता आपल्या बाजूचा एक अवघड मुद्दा. विद्यार्थ्यांना वॉर्डात पाठवा म्हणताना तिथल्या खाटेवर कोण असते हे आपल्याला माहीत आहे. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयातली गरीब बाई. आधीच तिच्याभोवती डॉक्टरकीच्या, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे कोंडाळे असते, पडदा ओढलेला नसतो आणि परवानगी कोणी विचारत नाही. त्यात आणखी दहा जणांची भर घालायची का? माझे उत्तर आहे: तिची संमती घेतल्याशिवाय एकही नको. ‘मी फार्मसीचा विद्यार्थी आहे, तुमच्या औषधांबद्दल बोललो तर चालेल का?’ हे वाक्य शिकणे हाच वॉर्डातला पहिला धडा असला पाहिजे. तिने नाही म्हटले तर मागे फिरणे हा दुसरा. जो हे शिकेल तो उद्या काउंटरवर चारचौघांत मोठ्याने ‘कशासाठी पाहिजे?’ असे ओरडणार नाही.

१९८० च्या दशकात स्त्री-गटांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी जास्त मात्रेच्या ईपी औषधांविरुद्ध रान उठवले. गरोदरपणाची चाचणी म्हणून ही संप्रेरके दुकानातून सर्रास विकली जात होती. १९८८ मध्ये सरकारला त्यांवर बंदी घालावी लागली. तेव्हा आपण कंपन्यांना आणि औषध नियंत्रकांना जाब विचारला. आता मोर्चा वर्गाकडे वळवायचा आहे.

आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. फार्म.डी.च्या वर्षभरात स्त्रीरोग-प्रसूती विभाग सक्तीचा करा. पदविकेच्या औषधोपचारात गरोदर आणि स्तनदा बाई प्रत्येक आजाराच्या धड्यात आणा, शेवटच्या पानावर नको. पदविकेनंतरचे ५०० तासांचे प्रशिक्षण सहीपुरते न राहता त्यातले काही तास पालिकेच्या प्रसूतिगृहात आणि क्षयरोग केंद्रात, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांच्या हाताखाली होऊ द्या. गर्भपाताचा कायदा आणि घरातल्या हिंसेची लक्षणे शिकवा. आणि शिकवायला फक्त डॉक्टर नकोत, औषधे घेणाऱ्या बायकाही हव्यात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गटांनी आपापल्या भागातल्या फार्मसी कॉलेजांच्या प्राचार्यांना भेटावे. एक तास मागावा. जाताना भाषण नेऊ नका, चार बायकांच्या चार-चार चिठ्ठ्या न्या, अर्थात त्यांना विचारून आणि नावे झाकून. त्या विद्यार्थ्यांसमोर टेबलावर मांडा आणि विचारा, ‘या सगळ्या गोळ्या एकाच पोटात जातात. आता सांगा, तुम्ही काय विचाराल?’