पॉलिसी आहे, पण दवाखाना कुठला?

घरातल्या कर्त्या माणसाची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, तो कोणाशी बोलेना, की आपण आधी अंगारा-धुपारा शोधतो. देवाला जरूर हात जोडा; पण हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. औषधाला पैसा लागतो, म्हणून आज विम्याचं बोलू.

शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला दिला पाहिजे, असं मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१ सांगतं. कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. तरी कंपन्या रेंगाळल्या. शेवटी विमा नियामकाने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत घालून दिली.

मग आडात असून पोहऱ्यात का येत नाही? मेख करारात आहे. ज्या दवाखान्याशी कंपनीचा करार, तिथलं बिल ती परस्पर भागवते. बाकी ठिकाणी आधी आपण भरायचं, मग कागद घेऊन मागे लागायचं. करार कोणाशी आणि किती दराने करायचा, हे कंपनी आणि दवाखाना आपसांत ठरवतात. त्या यादीत मनोविकाराचा दवाखाना किती अंतरावर असावा, याबद्दल कलम २१ चकार शब्द काढत नाही. आमच्या मते हे बंधन नियामकाने घालायलाच हवं. भिंगारच्या माणसाला पुण्या-मुंबईचं नाव दाखवून काय उपयोग? रोग्यासोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

दुसरी गोम अशी, की मनाचे बहुतेक रोगी दाखल न होताच बरे होतात. महिन्याला तपासणी, रोजची गोळी. पण बहुतेक पॉलिस्या दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत.

तेव्हा हप्ता भरण्यापूर्वी एजंटाकडून दवाखान्यांची यादी मागा आणि बाह्यरुग्ण खर्च मिळतो का, ते लेखी घ्या. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरच्या दवाखान्यातही बिनरोकड सोय मागता येते. त्यासाठी ठरवून दाखल व्हायचं असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवावं लागतं. मुलीचं लग्न अडेल म्हणून जुना आजार फॉर्मवर लपवू नका. लपवलेलं निघालं की दावा बुडतो. सांगितलेल्या जुन्या आजाराला फार तर ३ वर्षं थांबावं लागतं.

दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची भरपाई मिळू शकते.

आणि पॉलिसीच नसेल तर? नगरच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची तपासणी होते. जायला जमत नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस नंबरवर फोन लावा. दिवसा-रात्री केव्हाही, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.