मागच्या सीटवरचा पट्टा

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते, पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. त्यानंतर काही दिवस सगळीकडे मागच्या पट्ट्याची चर्चा होती. मुंबईत त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून सक्तीही जाहीर झाली. आज कुठल्याही टॅक्सीत मागे बसून पाहा: पट्टा लोंबतो आहे, पण त्याचे बक्कल सीट कव्हरखाली गडप!

‘मागे बसलोय, मला काय होणार?’ हा समज सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात फार महागात पडलेला दिसतो. गाडी थांबते, शरीर थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे जवळपास चौथ्या मजल्यावरून पडणे. मागचा माणूस पुढच्या सीटवर फेकला जातो आणि पट्टा लावून बसलेल्या चालकालाही चिरडतो. बाळाला मांडीवर घट्ट धरले की झाले, असे आईला वाटते. पण धडकेच्या क्षणी दहा किलोचे बाळ दोनशे किलोसारखे ओढ घेते. कुणाचेही हात ते धरू शकत नाहीत. लहानग्यांना त्यांच्या वयाची, वजनाची वेगळी सीटच हवी.

पट्टा लावला तरी तो कसा लावला, याला महत्त्व आहे. खालचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाखाली कमरेच्या हाडांवर बसायला हवा. पोटावर असेल तर झटक्याने आतडे फाटू शकते, आणि हे वरून लगेच कळतही नाही. वरचा पट्टा खांद्याच्या मधून, छातीवरून जावा. काही जण तो टोचतो म्हणून काखेतून घेतात. बरगड्या मोडायला तेवढे पुरते. गर्भवतींनीही पट्टा लावावाच, खालचा भाग पोटाच्या खाली आणि वरचा पोटाच्या बाजूने. एअरबॅग आहे म्हणून पट्टा नको, हे तर उलटेच. ती पट्ट्याच्या जोडीने काम करण्यासाठी बनवलेली असते.

अलार्म वाजू नये म्हणून बक्कलमध्ये नुसती क्लिप अडकवणाऱ्यांना काय म्हणावे, मला कळत नाही.

दंड १,००० रुपये आहे, पण मागच्या सीटसाठी पावती फाडलेली किती जणांनी पाहिली आहे? माझ्या मते टॅक्सी आणि ओला-उबरच्या गाड्यांची तपासणी करताना मागची बक्कले वर आहेत की नाहीत, एवढे तरी आरटीओने पाहावे. त्याला कुठलाही नवा कायदा लागत नाही.