तराजू कोणाच्या हाती?

ज्यांनी दीड-दोनशे वर्षे कोळसा जाळून आपल्या समृद्धीचे इमले उभारले, तेच आज जगाकडे धुराचा हिशेब मागत आहेत. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची कार्बन सीमाकर यंत्रणा प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. बिडाचे पाइपही तिच्या कक्षेत आहेत. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असताना येथील कारखानदारीने हा भुर्दंड का सोसावा? हा अन्याय आहे आणि तसे ठणकावून सांगितलेच पाहिजे.

परंतु निषेधाच्या ठरावांनी भागत नाही. ज्या मालाचे प्रत्यक्ष मोजलेले उत्सर्जन सादर होत नाही, त्याच्या माथी युरोपने ठरविलेले चढे ठोकळ आकडे मारले जातात. जो मोजत नाही, त्याचे माप दुसरा ठरवितो!

मोजणे का अवघड आहे? कोल्हापूरच्या शिरोली वा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत क्युपोलात किती कोक पडला, याची नोंद ठेवता येते. एक किलो कार्बन पूर्ण जळला की ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंडक्शन भट्टीला टनामागे ६०० युनिट वीज लागली आणि युनिटमागे ०.७ किलो उत्सर्जन धरले, तर ४२० किलो होतात. युरोपचा आजचा नियम लोखंडासाठी विजेचा हा भाग धरत नाही; पण कारखानदाराने तो धरलाच पाहिजे. कारण वितळलेल्या टनातून ६०० किलोच चांगला माल निघाला, तर विक्रीयोग्य टनामागे तोच आकडा ७०० किलोंवर जातो. रनर, रायझर आणि नापास माल पुन्हा भट्टीत जातो. त्याबरोबर पैसाही जळतो. ही गळती युरोपने शोधून द्यावी काय?

२०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. २०२३ मध्ये भारताने स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. पाया घातला गेला आहे. आता उद्योजक संघटनांनी लहान फौंड्रींसाठी सामाईक मापन केंद्रे उभारावीत, नोंदवह्या मराठीत असाव्यात, आणि भारतीय तपासनिसाच्या शिक्क्याला युरोपने मान्यता द्यावी, यासाठी दिल्लीने आग्रह धरावा.

शिवछत्रपतींनी स्वतःचे नाणे पाडले. ते सार्वभौमत्वाचे चिन्ह होते. आजच्या व्यापारात माप हेच नाणे आहे. ते परक्याच्या टांकसाळीत पाडून घेणाऱ्याला स्वदेशीचा उच्चार करण्याचा अधिकार उरत नाही.