विश्लेषण : जुने वाय-फाय कार्ड घेताय? ते चालते की नाही, हे असे तपासा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कार्यालयांतले त्याआधीचे डेस्कटॉप जुन्या मालाच्या बाजारात येत आहेत. मुलांच्या अभ्यासासाठी असा संच घरी आणला की पहिली अडचण इंटरनेटची. कार्यालयात लॅनची वायर होती, म्हणून त्यात वाय-फाय नसतेच. मग दुकानदार एखादे वापरलेले वाय-फाय कार्ड काढून देतो आणि सोबत दोन-तीन दिवसांची ‘टेस्टिंग वॉरंटी’. या दिवसांत नेमके काय तपासायचे?

एकसारखी दिसणारी कार्डे एकच असतात का?

नाही, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. डेस्कटॉपचे हे कार्ड बहुधा दोन भागांचे असते. एक लॅपटॉपमध्ये वापरतात तसे २२ बाय ३० मिलिमीटरचे मॉड्यूल आणि दुसरा त्याला धरणारा अडॅप्टर. लॅपटॉपमधून काढलेले मॉड्यूल अडॅप्टरवर बसवून विकण्यात गैर काही नाही. पण इंटेलचे एएक्स २०० आणि एएक्स २०१ दिसायला जुळी भावंडे असली, तरी २०१ चे निम्मे काम इंटेलच्या चिपसेटमध्ये होते. साध्या अडॅप्टरवर किंवा एएमडीच्या मदरबोर्डवर ते चालत नाही. एएक्स २१० आणि २११ चेही तेच. कार्ड खराब नसते, ते चुकीच्या घरात आलेले असते.

स्टिकरवर विश्वास ठेवावा का?

ठेवू नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडा आणि डिटेल्समध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ पाहा. इंटेलच्या कार्डापुढे ८०८६ हा आकडा दिसतो (कंपनीच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच क्रमांक!). त्यापुढे एएक्स २०० साठी २७२३ आणि एएक्स २१० साठी २७२५ असते. स्टिकर बदलता येतो, हा आकडा बदलणे इतके सोपे नाही.

ब्लूटूथ दिसत नाही, मग कार्ड परत करावे का?

थांबा. माझ्या पहिल्या जुन्या कार्डाचे ब्लूटूथ दिसेना, म्हणून मी ते परत करायला निघालो होतो. नंतर कळले, वाय-फाय पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटवर चालते, पण ब्लूटूथला यूएसबी लागते. त्यासाठी कार्डापासून मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरपर्यंत एक बारीक केबल जोडावी लागते. दुकानदाराने ती दिलीच नव्हती. इंजिनीअरिंगची पदवी अशा वेळी कपाटात असते. जुने कार्ड घेताना ही केबल, दोन्ही अँटेना आणि मागची पट्टी मागून घ्या.

खरी चाचणी कोणती?

इंटरनेटची स्पीड टेस्ट पुरेशी नाही. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल, तर अर्धमेले कार्डही तेवढा वेग देईल. त्याऐवजी नेटवर्क सेटिंगमधला ‘लिंक स्पीड’ पाहा. वाय-फाय ५ चे दोन अँटेनांचे कार्ड राउटरजवळ, ५ गिगाहर्ट्‌झवर आणि ८० मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर ८६७ एमबीपीएस दाखवते. वाय-फाय ६ चे कार्ड त्याच चॅनेलवर १२०१ दाखवते. आकडा सतत ४३३ किंवा ६०० वर अडकला असेल, तर एका अँटेनाचा मार्ग बंद असण्याची शक्यता मोठी. मात्र राउटरचा चॅनेलच अरुंद असू शकतो. म्हणून त्याच जागी मोबाइलच्या वाय-फाय तपशिलातला लिंक स्पीड पाहून तुलना करा.

मार्ग बंद होण्याचे कारण बहुधा मॉड्यूलवरच्या चिमुकल्या अँटेना-जोडणीत असते. यातल्या एका प्रचलित प्रकाराची क्षमता सुमारे ३० वेळा काढ-घाल करण्याची. तुमच्याआधी त्या कार्डाची किती वेळा काढ-घाल झाली, कोण जाणे.

नंतर मोठी फाइल डाउनलोडला लावून अर्धा तास राउटरला पिंग करत राहा. गुगलला नको, कारण मग दोष कार्डाचा की इंटरनेट कंपनीचा, हे कळणार नाही. मधेच जोडणी तुटली, तर आधी पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करा’ ही खूण काढून पुन्हा पाहा. तरीही तुटते? पेन ड्राइव्हवरून उबुंटू लाइव्ह चालवा. तिथे कार्ड नीट चालले, तर दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा. दोन्हीकडे तुटले, तर कार्ड परत.

दुकानदार घेईल का?

‘टेस्टिंग वॉरंटी’ तोंडी असेल, तर वाद ठरलेला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणे हीसुद्धा. म्हणून बिलावर कार्डाचा मॉडेल क्रमांक आणि परतीची मुदत लिहून घ्या. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.