अणुवीज स्वस्त आहे? मग भागाकार करून दाखवा

जैतापूरचा विषय निघाला की ग्रुपवर एक वाक्य हमखास येतं: "अणुवीज सगळ्यात स्वस्त. विरोध करणारे विकासाचे दुश्मन." आणि साखरी नाट्याचे मच्छीमार मुसलमान आहेत हे कळलं की 'विकासाचे'च्या जागी 'देशाचे' कधी येतं, समजतही नाही.

या वाक्याचा पहिला भाग तपासू या. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अणुशास्त्रज्ञ नाही. पण युनिटचा भाव काढायला शाळेतला भागाकार पुरतो.

अणुप्रकल्पाचा १ मेगावॉट वर्षभर ८० टक्के क्षमतेने चालला तर साधारण ७० लाख युनिट वीज देतो. अणुविजेत इंधनाचा वाटा लहान, खरा खर्च बांधकामाचा. व्याज, परतावा, घसारा मिळून भांडवलाच्या १० टक्के रक्कम दरवर्षी वसूल करायची, असं धरा.

आधी देशी अणुभट्टी घ्या. २०१७ मध्ये केंद्राने ७०० मेगावॉटच्या १० भट्ट्या मंजूर केल्या, अंदाजे खर्च १ लाख ५ हजार कोटी. म्हणजे मेगावॉटला १५ कोटी आणि युनिटमागे भांडवलाचे सव्वादोन रुपयेही नाहीत. खर्च अंदाजात राहिला तर इंधन-देखभाल धरूनही हा सौदा वाईट नाही. तारापूरची १९६९ ची वीज स्वस्त होती, कारण तिचं भांडवल कधीच फिटलं होतं.

जैतापूरला मात्र यायची आहे फ्रान्सची ईपीआर. मूळ आराखडा होता १६५० मेगावॉटच्या ६ भट्ट्यांचा, एकूण ९९०० मेगावॉट. हीच भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामांव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. अंदाज होता ३.३ अब्ज युरो आणि ५ वर्षं. वीज ग्रिडमध्ये आली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि कंपनीच्याच हिशोबाने बांधकामखर्च १३.२ अब्ज युरो. युरो ९० रुपयांचा धरला तर मेगावॉटला ७० कोटींच्या वर. भागाकार करा: युनिटमागे १० रुपये फक्त भांडवलाचे. बांधकाम रखडलं त्या काळातलं व्याज वेगळंच.

फिनलंडची ईपीआर २००९ ला सुरू व्हायची होती, नियमित वीज २०२३ ला मिळाली. ब्रिटनने हिंकली पॉइंटसाठी हजार युनिटला ९२.५० पौंड, तेही २०१२ च्या किमतीने आणि महागाईप्रमाणे वाढत जाणारे, ३५ वर्षांसाठी कबूल केले.

भारतात मजुरी स्वस्त आहे, मान्य. खर्च निम्म्यावर आणा. तरी भांडवलाचेच ५ रुपये उरतात.

आता सौर. राजस्थानात भादल्याला २०१७ मध्येच २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. "रात्री सूर्य कुठे असतो?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर बॅटरी. २०२४ च्या लिलावात दोन तासांच्या साठवणुकीसह सौरवीज साडेतीन रुपयांच्या आत मिळाली. दोन तासांत रात्र सरत नाही, हेही खरं. चोवीस तास चालणारी वीज लागतेच. पण ही गरज देशी भट्टीची बाजू मांडते. तिच्या आडून ईपीआरचं बिल खपवायचं कारण नाही.

आणखी एक खर्च युनिटच्या भावात कधीच दिसत नाही. २०१० मध्ये संसदेने अपघाताच्या भरपाईत प्रकल्पचालकाची जबाबदारी १५०० कोटींवर थांबवली. पुढच्याच वर्षी फुकुशिमा झालं. २०१६ मध्ये जपान सरकारने त्याच्या खर्चाचा अंदाज दिला: साडेएकवीस लाख कोटी येन, म्हणजे रुपयांत १२ लाख कोटींच्या घरात. मधली रक्कम कोणाच्या खिशातून जाणार? करदात्याच्या. आणि जिथे रक्कम पोहोचणारच नाही, तिथे किनाऱ्यावरच्या माणसाच्या पोटातून.

साखरी नाट्याचे मच्छीमार हेच विचारत होते. गरम पाणी समुद्रात सोडल्यावर मासळीचं काय? माडबनचे हिंदू शेतकरी-बागायतदारही त्यांच्यासोबत विचारत होते. १८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार गेला. खर्चाचा रकाना मागणाऱ्यांना देशद्रोही ठरवणं सोपं असतं, रकाना भरणं अवघड.

म्हणून दोस्तांनो, पुढच्या वेळी ते वाक्य आलं की चिडू नका, निष्ठेचे पुरावेही देत बसू नका. एवढंच विचारा: कुठली भट्टी, मेगावॉटला किती कोटी, आणि दहा वर्षं उशीर झाला तर भरणार कोण? सही होण्याआधी हे आकडे जनतेसमोर आले पाहिजेत. वीजबिल सगळ्यांनाच येतं.