सुंभाची पाठ

मैत्रिणींनो, मॅक्रमे आठवतंय? आमच्या लहानपणी घरोघरी दारात मॅक्रमेचं काहीतरी लटकत असायचं. कुंडीची शिंकाळी, तोरणं, हौशी घरात तर झोपाळासुद्धा. सुट्टीत मुलींना क्लासला घालायचे, चपटी गाठ, पिळाची गाठ शिकवायचे. मग ते धुळीने मळलं, माळ्यावर गेलं आणि पुढे एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर पडलं. हौस फिटली, एवढंच त्याचं मोल.

त्याच गाठींनी एका बाईने माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. मृणालिनी मुखर्जी तिचं नाव. जन्म १९४९चा, आपल्या मुंबईतला. आईवडील दोघेही कलावंत. बडोद्याला शिकत असताना के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे गुरू तिला लाभले. आपल्या कारागिरांच्या हातात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या वस्तूंत केवढं आहे ते बघा, असं विद्यार्थ्यांना सांगणारे. १९७०च्या सुमाराला या मुलीने बाजारातला तागाचा दोर उचलला. माग नाही, कागदावर आधी काढलेलं चित्र नाही. आत लोखंडाचा सांगाडा आणि वरून हाताने गाठीवर गाठ. एकेका शिल्पाला महिनेच्या महिने लागायचे. यक्षी, वनराज, देवी अशी नावं तिने त्यांना दिली. "ही कसली शिल्पं, ही तर हस्तकला" म्हणणारेही होतेच. २०१५च्या जानेवारीत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडलं आणि आठवडाभरातच ती गेली. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. आपल्या माळ्यावरच्या गाठी तिकडे न्यूयॉर्कला!

हे सगळं मी शोधून वाचलं ते आमच्या बचत गटातल्या एका वादामुळे.

रत्नागिरीजवळच्या एका वाडीत आमचा गट आहे. गटातल्या एकीची लेक कला महाविद्यालयात शिल्पकला शिकते. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी ती सामान मागत दारोदार फिरू लागली. जुनी वर्तमानपत्रं, तांदळाची गोणपाटं, स्लॅबच्या कामातून उरलेली तार आणि सळईचे तुकडे, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, सुंभाची वेटोळी, फाटकं सुती लुगडं. "अगो, शिल्प करतेस की भंगाराचं दुकान घालतेस?" असं एका काकूंनी विचारलंच. तिला करायची होती विळीवर बसून नारळ खवणारी बाई, खऱ्याखुऱ्या मापाची.

गटाच्या कामासाठी माझं तिकडे जाणं होतं, म्हणून हे काम मला टप्प्याटप्प्याने बघायला मिळालं. आधी चार दिवस ती नुसती आईकडे बघत बसली. मग सुतळीला गाठी मारून आईची मापं घेतली, मानेपासून कमरेपर्यंत, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत. आई वैतागून म्हणे, "माझं पोलकं शिवतेस काय?" मातीचं मुठीएवढं रूप आधी करून बघितलं. मग सळयांचा सांगाडा बांधला, तर तो सारखा नाकावर पडायचा. विळीवरची बाई पुढे वाकलेली असते आणि तिचा सगळा भार पाटावर असतो, हे आपण रोज बसतो तरी कधी लक्षात घेतो का? अखेर पाटाखाली चिऱ्याचा तुकडा बांधला तेव्हा बाई स्थिर बसली.

सांगाड्यावर जाळी, जाळीत कागदाचे बोळे कोंबून सुतळीने आवळलेले. त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. मोडलेल्या हाताला डॉक्टर घालतात तशीच ही रीत, फक्त बँडेजच्या जागी गोणपाट. पाण्यात हळूहळू भुकटी भुरभुरवायची, भुकटीवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होतं आणि होताना चक्क गरम लागतं. (एक सांगून ठेवते, प्लास्टरचे हात आणि भांडी मोरीत धुवायची नाहीत. पाइपात बसलं की निघत नाही.)

चेहरा आणि हात कागदाच्या लगद्याचे. इथे मात्र वाडीतल्या म्हाताऱ्या हसायच्या थांबल्या. कारण लगदा त्यांचाच! रद्दी भिजत घालून, मेथी वाटून घालून, उखळात कुटून सुपं-टोपल्या लिंपायची कामं त्यांनी जन्मभर केलेली. मुलीने पहिला चेहरा श्रावणात केला होता, त्यावर आठ दिवसांत बुरशीची पांढरी लव आली. कोकणातला पाऊस, दुसरं काय होणार? आजी म्हणाली, "चिंचोक्याची खळ घाल, पातळ थर दे, आणि पहिला सुकल्याशिवाय दुसरा देऊ नको." दसऱ्यानंतर उन्हात केलेला दुसरा चेहरा टिकला.

पाठीसाठी तिने सुंभ घेतला. आजीने पूर्वी सोडणं कुजवून, बडवून, काथ्या वळून सुंभ केलेले. नातीने दोर नुसते चिकटवायला घेतले, तर आजीने ते हातातून काढून घेतले आणि पीळ कुठे सोडायचा, कुठे आवळायचा ते करून दाखवलं. मानेपासून कमरेपर्यंत दोर आवळत गेला आणि खांद्याजवळ पीळ सैल सोडला. ती पाठ बघून मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. एवढंच सांगते की गटातल्या सगळ्याजणी गप्प झाल्या. प्रत्येकीने आपली कंबर चाचपली असेल.

आता तो वाद. प्लास्टर विकत आणायचं, काम कॉलेजात न्यायला टेम्पो, मिळून तीन हजार रुपये हवे होते. आईने गटाकडे कर्ज मागितलं. शेळीसाठी, शिलाई यंत्रासाठी, आजारपणासाठी, लग्नासाठी आम्ही कर्ज देतो. पुतळ्यासाठी? "यातून मिळणार काय?" हा प्रश्न रास्त होता, आणि मी तो उडवून लावला नाही. शिल्पकला शिकून ठरलेली नोकरी मिळते असं खोटं कशाला सांगू? गणपतीच्या दिवसांत चित्रशाळांतून काम असतं, कुठे सजावटीचं काम मिळतं, बाकी धडपडच. पण मुलाच्या संगणक कोर्ससाठी मागच्या वर्षी आम्ही हूं की चूं न करता पैसे दिले होते, नोकरीची हमी न विचारता. मग मुलीच्याच वेळी ती का? मी हे बैठकीत बोलले आणि इथेही लिहिते, कारण हा प्रश्न आमच्या एकाच गटातला नाही.

आणि साध्या वस्तूंनी थोर काम होत नाही असं कुणी म्हणू नये. गणपतराव म्हात्रे १८९६मध्ये मुंबईच्या जे. जे.त विद्यार्थी होते, तेव्हा नऊवारीतली देवळाला निघालेली बाई, ‘मंदिरपथगामिनी’, त्यांनी प्लास्टरमध्येच केली. संगमरवर नव्हे. सव्वाशे वर्षांनंतरही तिचं नाव घेतात. आपल्या जिल्ह्यात चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय आहे. मुलींना घेऊन एकदा जाऊन या. रेखाकलेची परीक्षा दहावीच्या जादा गुणांपुरती द्यायची आणि नंतर रंगपेटी बंद, हे किती दिवस चालवणार?

कर्ज मंजूर झालं, नेहमीच्याच व्याजाने. विरोध करणाऱ्या दोघींनी अट घातली की मुलीने मे महिन्यात वाडीतल्या पोरांना लगद्याचं काम शिकवावं. तिने मान्य केलं. घरात मात्र तेव्हा वेगळाच पेच होता. थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे येणार, आणि पडवीत ही अर्धवट बाई. वडील म्हणाले, उचला. आईने दोघींना हाक मारली आणि तिघींनी ती गोठ्यात नेऊन ताडपत्रीखाली ठेवली. पाहुणे गेल्यावर परत पडवीत.

आता परीक्षा झाल्यावर कॉलेज म्हणतं, काम घेऊन जा, आमच्याकडे जागा नाही. घरातही नाही. पावसात बाहेर ठेवली तर आषाढातच लगदा विरघळेल. समाजमंदिराचा मागचा कोपरा मागायला ग्रामपंचायतीकडे अर्ज केला आहे, त्यावर गटातल्या सतराजणींच्या सह्या आहेत.